गाडी मागणारे बॉट

२ डिसेंबर, सकाळी
सरपंचपदाचा फॉर्म भरला. चिन्ह कपबशी मागितलंय. निवडून येणार यात शंका नाही. समोर रामहरी आहे. त्याच्याकडे बटनांचा फोन. त्याला ग्रुप म्हणजे चहाच्या टपरीवर बसलेले चार रिकामटेकडे वाटतात. माझा फेसबुकवर ‘आमचं गाव, आमचं मत’ हा ग्रुप आहे आणि ॲडमिन मी एकटा. शेवगावात कॉम्प्युटर क्लास काय उगाच चालवला? प्रचार शंभर टक्के ऑनलाइन. दारोदार हात जोडत फिरणं मला शोभणार नाही.

४ डिसेंबर
ग्रुपवर गावाचं व्हिजन टाकलं. त्यात ‘ग्लोबल कनेक्टिव्हिटी’ हा मुद्दा माझा स्वतःचा. गावकऱ्यांच्या प्रतिक्रिया: गटारीचं काय? विजेचा डीपी जळालाय. एकानं तर विचारलं, सर, क्लासचं सर्टिफिकेट कवा देता? ट्रोल आहेत सगळे. या अडाण्यांचं भलं करायला निघालोय, कमाल माझीच.

प्रोफेसर अन्वी म्हणून एक बाई आहेत, कॅलिफोर्नियाच्या. त्यांनी लिहिलं, ‘आपले विचार दिशादर्शक आहेत.’ अर्ध्या मिनिटात वाचून लिहिलं. बुद्धिमान माणसाला वेळ लागत नाही.

७ डिसेंबर, स. ६.३०
मोठा शोध! रामहरीनं माझ्या ग्रुपात बॉट सोडलेत. पहाटे चारला धडाधड मेसेज, वेगवेगळ्या खात्यांवरून, पण वाक्य एकच: ‘दादा मतदानाला यायचंय गाडी कधी धाडता.’ अक्षर इकडचं तिकडे नाही. नावं बघा: गुलाब राणी, ऊसवाला किंग, दिलजले. फोटोत कुठं फूल, कुठं ट्रॅक्टर. एकाला तर नुसता बैल. पहाटे चारला कुठला माणूस उठतो?

ज्योती म्हणाली, आपली भावकी ऊसतोडीला कर्नाटकात गेलीय, तीच असणार. चारला उठून फडावर जातात. मतदानाला उमेदवारच गाडी पाठवून आणतो, दरवेळी असंच होतं. मुकादमाची सून ज्ञानेश्वरी एकटीच शिकलेली, तीच सगळ्यांच्या फोनवर लिहून देत असेल. बायको स्वभावानं चांगली आहे, पण टेक्निकल नाही. भावकीला गाडी लागेलच कशाला? घरची मतं आहेत, येतील आपापली.

९ डिसेंबर
शास्त्रीय चाचणी लावली. ग्रुपवर सर्वांना सूचना: ‘आपण मानव आहात का? शंभर शब्दांत सिद्ध करा.’ मुदत उद्या संध्याकाळपर्यंत.

१० डिसेंबर, संध्याकाळी
निकाल डोळे उघडणारा. प्रोफेसर अन्वींचं उत्तर लगेच आलं. ‘मानव असणे म्हणजे संवेदनांचा अखंड प्रवास होय.’ काय भाषा! गावातल्या एकाला तरी असं लिहिता येईल का? अन्वींच्या ओळखीच्या आणखी काही परदेशी मंडळींनीही थेट याच धर्तीवर लिहिलं. विचार जुळतात ते असे.

गुलाब राणीचं उत्तर: ‘व्हय.’ ऊसवाला किंगचंही ‘व्हय.’ दिलजलेनं बैलाचा आणखी एक फोटो टाकला. नापास. सगळे काढून टाकले. गावातल्या काहींनी विचारलं की सर, डोकं ठिकाणावर हाय का. त्यांनाही काढलं, उत्तर न देणाऱ्यांनाही.

१२ डिसेंबर
फोनवर कर्नाटकातले नंबर. म्हणजे बॉट आता कॉलवर आले. अनोळखी नंबर बंदच करून टाकले. ज्योती तिच्या फोनवरून कडूबाईशी बोल म्हणत होती. कडूबाई म्हणजे माझी चुलती, तिच्या टोळीत सगळी आमचीच भावकी. म्हटलं, व्हिजनवर लाइव्ह यायचंय, चुलतीशी गप्पा मारायला वेळ नाही. लाइव्ह उत्तम झालं. भरपूर बदाम आले.

१५ डिसेंबर
ग्रुपवर शांतता. गटार नाही, डीपी नाही. सरपंच कोण, असं मतदान घेतलं. जवळजवळ सगळे माझ्या बाजूनं. गुलालाची ऑर्डर दिली.

रामहरी तीन क्रूझर गाड्या घेऊन कर्नाटकाकडं गेलाय म्हणे. ऐन प्रचारात देवदर्शन! हरणाऱ्याला देवच आठवणार.

१८ डिसेंबर, मतदान
शाळेसमोर तीन क्रूझर. त्यातून आख्खी भावकी उतरली. कडूबाईही. आनंद झाला, रामहरीच्या डिझेलवर माझी मतं आली. हात केला. तिनं पदर सारखा केला आणि दुसरीकडं बघितलं. प्रवासानं दमली असेल.

१९ डिसेंबर
पडलो. मशिनमध्ये काहीतरी आहे, असं म्हणून बघितलं. पोलिंग एजंट माझा मेव्हणाच होता, तो म्हणाला, दाजी, मशीन ठीक हाय. गुलाल रामहरीच्या माणसांनी माझ्याच ऑर्डरमधला नेला. दुकानदारानं विचारलंसुद्धा नाही.

२० डिसेंबर, दुपार
आख्खी टोळी दारात. रामहरीचा ड्रायव्हर फोन उचलत नाही, निवडणूक संपली, गाड्या गायब. मुकादम तिकडून ओरडतोय. कडूबाई म्हणाली, आता तरी धाड गाडी, आमी आपल्या मानसाकडं आलो.

मी विचारलं, मत कुणाला दिलं? ती म्हणाली, त्याला दिलं. तो सोता फडावर आला, उसाच्या पाचटावर बसून आमच्यासंगं भाकर खाल्ली. तुला ज्ञानेश्वरीकडून किती डाव लिहून धाडलं. तू इचारलं मानूस हाय का, मी व्हय म्हनले. तरी काढलंस. तुझी आय गेली तवा तुला मीच जेवू घातलं रं वाल्मिक, आन मला इचारतो मानूस हाय का?

घरात आलो. ज्योतीनं त्यांना चहा ठेवला होता, मला विचारलंही नाही. वाईट वाटलं. खरंच वाटलं.

केडगावच्या ओळखीच्या ट्रॅव्हल्सवाल्याकडून गाडी मागवली. टोळी बसली. जाताना कडूबाईनं खिडकीतून हात केला, तो ज्योतीला होता.

संध्याकाळी
पराभव विसरून विरोधकांच्या मतदारांना स्वखर्चानं गाडी दिली, असं ग्रुपवर टाकायला घेतलं. फोटोही होता, बरा आला होता. टाकण्याआधी मेंबरांची यादी वरपासून खालपर्यंत बघितली: अन्वी आणि त्यांची परदेशी मंडळी. वाचणारा माणूस एकही राहिला नव्हता.