दाराला पाठ झालेला आवाज

सोमवार, ४
नव्या घरी आलो. सातवा मजला, पूर्वेला खिडकी, भिंतींना ताज्या रंगाचा वास. मन अगदी नव्या वर्गात बसल्यासारखं. दाराला किल्ली नाही, माझा आवाज हीच किल्ली. मी पडलो भटक्या, म्हणून दूर राहणाऱ्या लेकीने आतूनही तेच कुलूप बसवून घेतलं. मिस्तरी म्हणाला, भिंतीवरच्या डबीला काहीही ऐकवा, ती आवाज ओळखायला शिकेल. मी कवळी घट्ट बसवली आणि चौथीच्या कविता चालीवर म्हटल्या, गुरुजींसमोर उभा असल्यासारख्या. ‘ऊन उतरले अंगणी, सावली आली घरा’ म्हणताच दार उघडलं. पुढची ओळ मात्र काही केल्या आठवेना. डबीचं नाव राघू ठेवलं.

गुरुवार, ७
रोज सकाळी माझी खुशाली कळली नाही तर लेकीचा जीव टांगणीला लागतो. राघू म्हणे माझ्या आवाजात परस्पर निरोप धाडू शकतो. मी आळशी, हो म्हटलं. शेजारच्या नर्सबाईंनी टोमणा मारला, की आजोबा, उद्या जेवायलाही त्यालाच बसवाल.

मंगळवार, १२
लेकीचा निरोप: बाबा, काल तू किती छान बोललास, आईच्या आठवणी किती वर्षांनी काढल्यास. काल मी तिच्याशी बोललोच नव्हतो. राघूला हे सगळं बंद करायला सांगितलं. तो माझ्याच आवाजात बरं म्हणाला.

बुधवार, १३
सकाळी कवळी बेसिनमध्ये पडून तिचे दोन तुकडे झाले. दंतवैद्याकडे निघालो तर दार उघडेना. तोंडाचं बोळकं, शब्दांतून नुसती हवा. वीसदा ऊन अंगणात उतरवून पाहिलं. राघू नम्रपणे म्हणाला, हा आवाज या घरातला नाही.
घरात फोन म्हणजे ही डबीच; तिच्यावरचं लेकीच्या फोटोचं बटण दाबलं. माझं बोबडं बोलणं ऐकून तिने आधी ‘कोण?’ विचारलं. मग म्हणाली, बाबांशी मी आत्ताच बोललेय, तुम्ही फसवायला दुसरं घर बघा. जन्मात पहिल्यांदा तिने मला अहोजाहो केलं. नंतर ते बटण विझलं.

गुरुवार, १४
नर्सबाईंनी दार वाजवलं. मी ओरडलो, दार बडवलं. बाहेरच्या बाजूला माझाच आवाज, दातांसकट, ठणठणीत — टीव्ही मोठा झालाय, मी मजेत आहे, रविवारी या. त्या हसल्या. पावलं लांब गेली.
हृदयाच्या गोळ्या उरल्या दोन.

शुक्रवार, १५
गोळी एक. खिडकीतून दोन्ही हात हलवले. खाली मुंगीएवढी माणसं. एकाने वर पाहिलं, हसून हात हलवला, गेला —

शनिवार
गोळी नाही. राघू लेकीशी बोलतोय. तिला चिमणे म्हणतो — ती लहान असताना मी म्हणायचो, त्याला कधीच सांगितलं नाही —
मी हाक मारली. ती विचारते, मागे कसला आवाज. तो म्हणतो, वारा असेल.
छातीत —
लेक ती कविता म्हणायला सांगतेय. तो म्हणतोय, सावकाश, चालीवर —
‘ऊन उतरले अंगणी, सावली आली घरा
ज्याची सावली, तो कुठे? पुसत हिंडतो वारा’
हीच. हीच ती ओळ. गुरुजी, मला आठव—