सेन्सरला लावलेलं ग्रीस

दादा, तुमची गाडी भंगारात निघाली होती. तुम्ही गेल्यापासून ती मीच चालवते. मासवणच्या शाळेत शिकवायला तिनेच जाते आणि सुट्टीला आईला सफाळ्याला मावशीकडे नेते. आईचे गुडघे आता तिला रिक्षात चढू देत नाहीत. तुमच्या गाडीत मात्र ती आधी टेकते, मग एकेक पाय हाताने उचलून आत घेते आणि राणीसारखी "चल" म्हणते. नवी गाडी घेणं कुणालाच झेपणारं नाही, म्हणजे ही गेली की आईचं घराबाहेर पडणं संपलं. आणि नेमका समोरचा इंजिनाचा पिवळा दिवा लागला तो विझेना. पीयूसीवाल्याने मागे नळी लावली आणि नापास म्हणून सांगितलं. मग वसईहून तुमच्या लेकाचा, माझ्या धाकट्या भावाचा फोन. "ताई, किती दिवस ओढणार तो डबा? रविवारी माणूस पाठवतो, घेऊन जाईल." असा राग आला म्हणता! सणावारी येणार, माझ्या हातचं कालवण ओरपणार आणि गाडीला डबा म्हणणार. मी विचारलं, त्याआधी पास झाली तर? तो हसला. म्हणाला, "झाली तर ठेव, बाई."

बोईसरच्या मेकॅनिकने बॉनेट उघडून सांगितलं, ऑक्सिजन सेन्सर गेलाय. तो धुराच्या पाइपात बसतो, धुरात ऑक्सिजन किती उरला ते इंजिनाला कळवतो, आणि इंजिन त्या हिशेबाने पेट्रोल घेतं. कळवणारच मेला तर इंजिन आंधळेपणाने पीतच राहतं. "मॅडम, पुरानी गाडी है, निकाल दो," त्याचाही सूर तोच. झालं, मी हट्टाला पेटले. दुकानातून नवा सेन्सर आणला, मोबाइलवर व्हिडिओ पाहिले आणि तुमची पान्यांची पेटी फरफटत अंगणात नेली. आई पायरीवर बसून मटार सोलत होती. "तुला काय जमणार हाय ते? बापासारकी नुसती तापायला जमतं," म्हणाली. पण उठून आत गेली नाही.

जुना सेन्सर पाइपाशी गंजून एकजीव झाला होता. मुरब्याच्या समुद्राकडून येणारा खारा वारा आपल्याकडे कुठल्या लोखंडाला सोडतो? इंजिन थोडं गरम केलं, गंज सोडवणारा स्प्रे मारला, पान्यावर सगळं वजन टाकलं, तरी ढिम्म. मग तुम्ही करायचात तसा पान्याच्या दांड्यावर लांब पाइप चढवला आणि ओढला. कर्र्र् असा आवाज झाला. काहीतरी तुटलं म्हणून वाकून पाहिलं, तर सेन्सर सुटला होता. मी इतक्या जोरात ओरडले की आईच्या मांडीवरचं ताट कलंडलं.

आणि आता नवा बसवायचा, तर माझा हात आपोआप तुमच्या ग्रीसच्या डब्याकडे गेला. तो डबा! कारखान्यातून आलात की कपडे बदलायच्या आधी तुम्ही तो घेऊन घरभर फिरायचात. विहिरीवरचा पंप, दाराच्या बिजागऱ्या, सायकलची साखळी, आईचं शिलाई मशीन, एकदा तर माझ्या कंपासपेटीतला कर्कटकसुद्धा. वर्गात माझ्या वह्यांना पंपाचा वास यायचा. एकदा, मी शाळकरी पोर आहे, तुम्ही वाडीतला पंप उघडलाय, मला एक नट आवळायला दिलाय, आणि मी तो तसाच घट्ट करते. तुम्ही माझ्या हातावर फटका मारता. "कोरडं बसवलंस? उद्या उगडशील कशानं, दातानं?" डोळ्यांत पाणी येतं, पण त्या दिवसापासून मी काहीही कोरडं बसवलेलं नाही. तर मी त्या नव्या सेन्सरला डोक्यापासून शेपटापर्यंत ग्रीस चोपडलं, प्रेमाने चोपडलं, आणि बसवून टाकलं.

गाडी सुरू केली तर करपलेला वास, आणि दिवा तसाच. पीयूसीत पुन्हा नापास. मेकॅनिकने सेन्सर काढून बघितला आणि पोट धरून हसला. "अरे मॅडम, इसको मालिश कर दिया?" त्याचं टोक मोकळं लागतं, त्याला तेलातुपाचा हातसुद्धा लावायचा नसतो. पेचाच्या आट्यांना लागतं तेवढं कंपनीनेच लावून दिलेलं असतं. माझे कान तापले. त्याच्यावर नाही, दादा, तुमच्यावर चिडले. इतकी वर्षं होऊन गेली, तरी माझे हात तुमचंच ऐकतात. भाजी चिरताना, फळ्यावर रेघ मारताना, कुलूप लावताना तुम्ही कानाशी असता, आणि मी मनातल्या मनात तुम्हाला विचारूनच पुढे जाते. दादा, हे बरोबर का? लग्न, नोकरी, घर सगळं तसंच विचारून केलं.

दुसरा सेन्सर आणला. शनिवारी शाळा सकाळची, म्हणून दुपारी अंगणात बसले. साबणाने हात धुतले, आईच्या जुन्या लुगड्याच्या स्वच्छ तुकड्याने पुसले. सेन्सर वायरकडून धरला, आटे नीट जुळेपर्यंत बोटांनीच फिरवला, मग पाना लावला. गाडी सुरू केली, दिवा विझला. तशीच पीयूसीला नेली. त्याने नळी लावली, कागद काढून दिला आणि पुढच्या गाडीकडे वळला. पास! मी तिथूनच तुमच्या लेकाला फोन केला आणि माणूस पाठवू नकोस म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "ताई, तुलाच जमायचं हे." रविवारी आईला सफाळ्याला नेलं. मावशीच्या दारात उतरताना ती सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाली, "माज्या पोरीनं केली बरं गाडी!"

सगळे म्हणतात, वडिलांची आठवण म्हणून पोरीने गाडी जपली. मीही मान हलवते. पण खरं सांगू का, दादा? त्या शनिवारी दुपारी मला तुमची आठवण एकदाही आली नाही. पहिल्यांदाच. नुसते माझे हात होते आणि समोरचं काम. संध्याकाळी हे लक्षात आलं तेव्हा वाईट वाटेल म्हणून मी थांबून राहिले, पण नाही वाटलं. हलकं वाटलं, फार हलकं. तुम्ही असतात, तरी हे तुम्हाला कधी सांगितलं नसतं.