मसाल्याचा डबा मी नेला आहे

अकिला,

१९७१ सालच्या उन्हाळ्यात तू माझी आंबवलेल्या जवळ्याची बरणी उकिरड्यावर फेकलीस. "आवं, लय वास मारतंय. इतकी वरसं झाली, आता हितलं खायला शिका की!" असं शेजारणींसमोर म्हणालीस. तुझ्या सासऱ्यांनी लग्न करून मला जावा बेटावरून कोरेगावला आणलं, तेव्हापासून माहेरची चव मला त्या एका बरणीतच सापडायची. बाजारातला सुका जवळा कुटून, मीठ घालून, उन्हात मुरवून मी ती भरत असे.

नंतर मी बरणी घरात दिसू दिली नाही. पण दर उन्हाळ्यात वर्षाचा कांदा-लसूण मसाला कुटताना तोच जवळा त्यात घातला. तू बोटं चाटत जेवलीस, माहेरी डबे धाडलेस, आणि आपल्या हाताची चव म्हणून गावभर मिरवलीस.

उद्या तुझ्या भावाचे होणारे सासू-सासरे मुद्दाम तुझ्या हातचं मटण खायला येणार आहेत. बाजारचा मसाला आणून घाल. त्याला वास येत नाही.

मी हलीमाकडे सांगलीला राहायला जाते. माझी लेक मला चुलीपासून उठवत नाही. तू बरणी फेकलीस त्या दिवशी माझा लेक महंमद ताटातून मान वर न काढता बसला होता. आईच्या हातचं खावंसं वाटलं तर त्याने एकट्याने यावं. तुझ्या सासऱ्यांनी मात्र मसाल्यातला जवळा पहिल्याच घासाला ओळखला होता. मरेपर्यंत ते तुझ्याकडून रस्सा मागून घेत राहिले, आणि माझ्याकडे बघून हसत राहिले.

रहिमतबी