पाळणाघर बंद झाल्यावर

प्रिय संयोगिता,

तुझ्या पुरस्काराचं आमंत्रण परवा पोचलं. कार्डावर आमच्या वस्तीतल्या बायकांचा फोटो आहे, मधोमध झुंबरबाई हसतेय. अभिनंदन लिहायला बसले आणि पेन पुढे सरकेना. राग आलाय मला. फोन केला असता, तर तू नेहमीसारखं 'प्रिया, आधी शांत हो' म्हणून मला गप्प केलं असतंस. पत्रात तुला मधे बोलता येणार नाही.

तीन वर्षांपूर्वी तू पुण्याहून आलीस आणि बावडा गावाच्या कडेला, आमच्या वस्तीतल्या समाजमंदिराच्या फरशीवर बसून सगळं समजावलंस. कारखानदार, बँक, तुझी संस्था आणि वस्ती, चौघांनी मिळून गरिबीला हात घालायचा. शिबिरं किती झाली, मशिनं किती वाटली हे कुणी विचारायचं नाही. माणसांच्या जगण्यात काय बदललं तेवढंच बघायचं. मला ते मनापासून पटलं होतं. शिलाई मशिनं देऊन, फोटो काढून गेलेल्या संस्था मी लहानपणापासून बघत आलेय. म्हणून तर शाळेतली शिक्षिकेची नोकरी सोडून तुझ्याबरोबर उभी राहिले.

पहिल्या बैठकीत झुंबरबाई साहेबलोकांसमोर कमरेवर हात ठेवून काय म्हणाली, आठवतंय? "मशिन नगं आमास्नी. शिरोलीत फौंड्रीत काम हाय, आमी कराय तयार हाय. पर बारकी पोरं कुणाच्या गळ्यात बांधून जायाचं, ते सांगा की!" त्यातून पाळणाघर उभं राहिलं आणि त्याच्या जोरावर चाळीस बायका लोखंड ओतायच्या त्या कारखान्यात कामाला लागल्या. सकाळी सहाला पोरं माझ्या हातात देऊन त्या कारखान्याच्या बसकडे पळायच्या. खोटं कशाला बोलू, माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस होते.

मग गेल्या दिवाळीनंतर चौघांच्या समितीनं जाहीर केलं, परिणाम साध्य झाला. बायका वर्षभर कामावर टिकल्या, म्हणजे पाळणाघराचं काम संपलं, आता पुढची वस्ती. खोलीला कुलूप लागलं. तुझ्या अहवालात तू अभिमानानं लिहिलंयस, 'पाळणाघर बंद झाल्यानंतरही एकाही महिलेनं काम सोडलेलं नाही.'

कसं सोडतील गं? घरात पहिल्यांदा पगार येतोय. पण त्यांची पोरं सांभाळतंय कोण, एवढं विचारायला तरी यायचं होतंस! अकरा पोरी शाळा सोडून घरी बसल्यात. झुंबरबाईची तेजस्वी नववीत होती, गणितात वर्गात पहिली. आता तिच्या कडेवर धाकटा भाऊ असतो आणि शेजारणीची दोन पोरं पायात घोटाळत असतात. मी म्हटलं, शाळेत चल, मी सरांशी बोलते. तर म्हणाली, "गेलते की ताई चार दिस. बारकं गटारीत पडलं. आता न्हाय जायाची." रडली नाही, चिडली नाही. पोराचं नाक पुसलं आणि आत गेली.

हे मी समितीपुढे मांडलं तेव्हा कारखानदारांचे प्रतिनिधी उदयसिंह म्हणाले, "मॅडम, मुलींची शाळा आपल्या परिणामांच्या यादीत नाही." आणि तू लॅपटॉपमध्ये बघत राहिलीस. उदयसिंहांचा राग नाही मला. ते वस्तीत कधी जेवले नव्हते. तू झुंबरबाईच्या ताटात जेवलीयस.

आता पत्र का लिहितेय ते सांगते. पाळणाघर बंद करायच्या ठरावावर वस्तीच्या प्रतिनिधीची सही हवी होती. प्रतिनिधी झुंबरबाई, आणि ती तेव्हा कारखान्यात पाळीवर होती. तू फोन केलास, "प्रिया, नुसती औपचारिकता आहे, तू कर." आणि मी केली. वाचून, समजून केली; तुझं चुकणार नाही असं वाटलं म्हणून. हे मी चार महिने कुणाला सांगितलं नव्हतं. काल रविवारी सगळ्या बायकांना बोलावून सांगितलं. कुणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. झुंबरबाई एवढंच म्हणाली, "मला इचारायला सांजंपतूर थांबवलं न्हाय व्हय तुमास्नी?" आज सकाळी मी खोलीचं कुलूप तोडलं. पोरं आली. सात पोरी शाळेत गेल्या. तेजस्वी अजून गेलेली नाही. समितीला तक्रार करायची असेल तर माझ्या एकटीच्या नावानं करा. तुझ्या समारंभाला झुंबरबाई येणार नाही, आम्ही कुणीच येणार नाही. पुरस्कार घ्यायचा की नाही, ते तुझं तू बघ. पण त्याआधी एकदा इथे ये आणि तो फोन तू केला होतास हे तिच्या तोंडावर सांग. माझ्या वाटणीचं मी सांगितलंय. तुझ्या वाटणीचं मी सांगणार नाही.

चिडलेली, आणि म्हणूनच अजून तुझीच,
संघप्रिया