महादेवीने मोजलेली टाकी

देवणी, मंगळवार

कशातच मन लागत नाही. आज मी सातवीतल्या महादेवीशी खोटं बोलले.

घनफळ शिकवायला मुलींनी, महादेवीने घेतलेल्या मापांवरून, शाळेमागच्या पाण्याच्या टाकीची पुठ्ठ्याची दहापट लहान प्रतिकृती केली. दुष्काळात भरायला पाणी कुठलं? लिटरच्या मापाने वाळू भरली. आमच्या एका मापाला खरे हजार लिटर. चार मापांत पुठ्ठ्याची टाकी काठोकाठ भरली.

"बाई, टाकीवर तर पाच हजार लिहिलंय," महादेवी म्हणाली. "टँकरवाला पाच हजाराचीच सही घेऊन जातो. मग एक हजार कुठं जातं?"

मुख्याध्यापक दारातच होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "गुरुवारी जिल्ह्याचे नवे साहेब तपासणीला येऊन राहिलेत. हे खोकं उचला इथून."

आणि मी वर्गात येऊन म्हणाले, "तुझं माप चुकलं गं." का म्हणाले? बदलीची भीती, दुसरं काय!

चार मापं. माझ्या डोळ्यांदेखत भरलेली.

दिवेलागणीला ती माझ्या घरी आली. गुडघे खरचटलेले. शाळा सुटल्यावर मीटरपट्टी घेऊन कोरड्या टाकीत उतरली होती. "पुन्हा मोजली, बाई. लांबी-रुंदी दोन-दोन मीटर, उंची एक. माझं कुठं चुकलं?"

"तुझं नाही चुकलं. मी खोटं बोलले."

ती रडायलाच लागली. "मला वाटलं, मला गणित येतच न्हाई."

गुरुवारी साहेबांसमोर तीच वाळू भरून दाखवणार आहे. मुख्याध्यापकांना अजून सांगितलेलं नाही.