चार व्हीलचेअर आणि एक बहिरं बटण

शुक्रवार, संध्याकाळ

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (खरोखर वाकून. कंबर धरली आहे. ती कशाने, ते पुढे येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कटकट वाजतो का, की डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू एकदाचे सुरू केलेस? भावोजींची तब्येत कशी आहे? खरं तर मी विचारणार नव्हतो, कारण तीन महिने झाले, ते माझी विचारत नाहीत. पण पत्रात विचारायची पद्धत आहे म्हणून विचारतो. ब्लडप्रेशरची गोळी वेळेवर घेतात का, की ‘जेवणानंतर घेतो’ म्हणून खिशात ठेवतात आणि शर्टासकट धुवायला टाकतात? आम्ही सगळे इकडे मजेत. तुझी भावजयही मजेत आहे. फक्त मी ‘बटण’ हा शब्द उच्चारला की ती उठून दुसऱ्या खोलीत जाते.

तू लिहिलंस, काम कसं चाललंय ते एका ओळीत कळव. चाललंय. झाली तुझी ओळ. आता उरलेलं सावकाश वाच, आणि शक्यतो भावोजी दुकानात गेल्यावर वाच. फोनवरच सांगितलं असतं, पण तुमच्याकडे फोन आला की भावोजी शेजारी बसून पेपर वाचायला लागतात आणि त्या पेपराचं पान अर्धा तास उलटत नाही. सोळा वर्षं मी त्यांच्या दुकानात शिलाई मशिनं दुरुस्त केली. बेचाळिसाव्या वर्षी ‘मी आता कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहिणार’ म्हणून बाहेर पडलो, तेव्हा त्यांनी एवढंच म्हटलं, ‘बरं.’ त्यानंतर आमचं बोलणं बंद. तू मात्र माझ्या बाजूने उभी राहिलीस, म्हणून तुला आधीच स्पष्ट सांगतो : उद्या शनिवारी माझे कच्चे तीन महिने संपतात. एक बटण आहे. ते उद्या चाललं तर साहेब मला कायम करणार, नाही चाललं तर सोमवारी येऊ नका म्हणणार. आणि ते चालणारच, कारण मी परत दुकानात येणार नाही. हे मी रागाने लिहीत नाही. शांतपणे, चहा पिऊन लिहितो आहे.

आता बटण कसलं, ते ऐक. (‘मला त्यातलं काही कळत नाही’ म्हणून पान उलटू नकोस. मलाही परवापर्यंत कळत नव्हतं आणि मी त्याचा पगार घेत होतो.) एक संस्था आहे, ती आजारी माणसांना घरपोच वस्तू वापरायला देते : काठ्या, वॉकर, व्हीलचेअर, पाठ उचलणारी खाट. तिच्या वेबसाइटवरचा फॉर्म मी केला. यादीतून वस्तू निवडायची आणि ‘आणखी एक’ हे बटण दाबायचं, की खाली त्या वस्तूची एक ओळ उमटते. प्रत्येक ओळीच्या टोकाला ‘वगळा’ असं छोटं बटण, चुकून घेतलेली वस्तू काढण्यासाठी. ही बटणं आधीपासून पानावर नसतात. वस्तू घेतली की त्या क्षणी प्रोग्राम ती घडवतो. पहिल्यांदा ती उमटली तेव्हा मला इतका आनंद झाला की मी घरी जाऊन तुझ्या भावजयीला चाळीस ओळी उमटवून दाखवल्या. ‘आणि वगळ बघू एखादी,’ ती म्हणाली. मी म्हटलं, त्यात काय बघायचंय. ताई, तेव्हाच बघितलं असतं तर माझी कंबर आज शाबूत असती.

फॉर्म सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी एका निवृत्त संगीतशिक्षिकेने तो भरला. स्टुलावरून उतरताना त्यांचा पाय मुरगळला होता आणि त्यांना हवी होती एक काठी. यादीत सगळ्यात वर व्हीलचेअर. बाई निवडायला विसरल्या आणि ‘आणखी एक’ दाबून बसल्या, आली व्हीलचेअर. त्यांनी ‘वगळा’ दाबलं, ओळ गेली. पुन्हा तीच चूक झाली. या खेपेला मात्र एक नाही, दोन व्हीलचेअर उमटल्या. बाई जिद्दीच्या. असं चार वेळा झालं. शेवटी ‘वगळा’ दाबल्यावर पान अगदी कोरं झालं, तेव्हा त्यांनी समाधानाने ‘पाठवा’ दाबलं आणि संस्थेला फोन करून काठी मागायची असं ठरवून त्या झोपल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेची गाडी दारात आली आणि दोन माणसांनी चार व्हीलचेअर तिसऱ्या मजल्यावर चढवल्या. काठी एकही नाही.

एका पायासाठी चार व्हीलचेअर आल्या म्हटल्यावर इमारतीत बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? खालच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनियर फुलं घेऊन आले. दोन जुन्या विद्यार्थिनी गळ्यात पडून रडल्या. शेजारीण हळूच विचारून गेली, की पेटी कुणाला द्यायचं ठरलंय का. बाईंनी संस्थेला फोन केला, संस्थेने साहेबांना केला आणि साहेबांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. संस्थेची गाडी नेमकी दुसरीकडे गेलेली, म्हणून खुर्च्या परत न्यायला मीच निघालो. तीन घडी घालून चौथीत बसवल्या आणि रस्त्याने ढकलत निघालो. लोक बाजूला होत होते. एक गृहस्थ तर माझ्या मागे बराच वेळ रस्ता न्याहाळत होते, रुग्ण कुठे पडलाय ते पाहायला. उतारावर वरची एक खुर्ची निसटली, तिला मी पळत जाऊन पकडलं, आणि तिथेच ती कंबर.

पण खरे कान टोचले ते बाईंनी, आणि ते खुर्च्या न्यायला गेलो तेव्हाच. मी आपला शहाणपणाने सांगायला गेलो, की तुम्ही ‘वगळा’ दाबलं नसेल. त्या भिंतीला धरत धरत कॉम्प्युटरपर्यंत आल्या, मला शेजारी बसवलं, फॉर्म उघडून दोन-तीन वस्तू घेतल्या आणि ‘वगळा’वर बोट ठेवून म्हणाल्या, ‘दाबा तुम्हीच.’ मी दाबलं. सगळ्या ओळी गेल्या. ‘बघा,’ मी म्हटलं, ‘गेल्या की.’ ‘आता वरचं “आणखी एक” दाबा.’ वरचं दाबलं, तर सगळ्या परत, वर एक जास्त. बाई म्हणाल्या, ‘मी छत्तीस वर्षं मुलांना शिकवलं. ऐकलंय असं दाखवणारं पोर आणि खरंच ऐकलेलं पोर, एवढा फरक मला कळतो. तुमच्या बटणाने ऐकलेलंच नाही.’ नऊ दिवस त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या, ताई. मला लाज वाटली. संस्थेतून एक काठी घेतली आणि दुपारी स्वतः नेऊन दिली. रबरी टोक नीट बसलंय की नाही तेही दोनदा दाबून पाहिलं.

साहेबांनी तोडगा सुचवला : ‘वगळा’ बटण काढूनच टाका आणि तिथे ‘वस्तू नको असल्यास फोन करा’ असं लिहा. साधं, सोपं, आणि माझी नोकरी बहुतेक वाचली असती. मी म्हणालो, नाही. पानावर बटण आहे, माणूस ते विश्वासाने दाबतो, तर ते चाललंच पाहिजे. (हे बोलताना माझा आवाज थोडा चढला. आमच्याकडे चुका शोधायला एक बाई आहेत. त्या कुठलंही बटण एकदा न दाबता सात वेळा दाबतात, म्हणून मी त्यांना सातवार म्हणतो. त्यांनी पहिल्यांदाच कीबोर्डवरचा हात उचलला.) साहेबांनी कॅलेंडर बघितलं आणि शनिवारवर बोट ठेवलं. त्यांनी वर असंही ठरवलं, की चाचणी संगीताच्या बाईंनाच बोलावून करायची.

मग मी काय काय केलं ते विचारू नकोस. बटणाचा रंग बदलला. आकार वाढवला. मशीनवाल्या माणसाची सवय, एखादा भाग हलत नसला की तो सैल बसलाय असं आधी वाटतं, म्हणून त्याला जोडलेलं काम तीनदा सोडवून तीनदा घट्ट जोडलं. सोमवार गेला, मंगळवार गेला. सातवार रोज येऊन सात वेळा दाबायच्या आणि वहीत सात फुल्या मारून जायच्या. त्या फुल्या मला फार लागायच्या.

बुधवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, जिन्यात बसलो असताना मला एकदम सुचलं. (कसं सुचलं हे महत्त्वाचं नाही.) या पानाला आठवणच नसते, ताई! बटण दाबलं की तिकडे सर्व्हरवर अख्खं पान पहिल्यापासून नव्याने तयार होतं. मी आधीपासून मांडून ठेवलेल्या गोष्टी त्यात आपोआप येतात, पण मागाहून घडवलेली बटणं येत नाहीत. माझा प्रोग्राम ती फक्त ‘आणखी एक’ दाबल्यावर घडवत होता. म्हणजे बाईंनी ‘वगळा’ दाबलं, निरोप निघाला, सर्व्हरवर पोचला, आणि तिथे ज्याच्या नावाचा निरोप ते बटण जन्मालाच आलेलं नाही. घेणार कोण? म्हणून पान कोरं. आणि मी वेगळी जपून ठेवलेल्या यादीत व्हीलचेअर जशाच्या तशा! उपाय एवढाच, की दर वेळी पान जागं झाल्या झाल्या, कुणी काय दाबलं हे विचारायच्याही आधी, यादीतल्या सगळ्या वस्तूंची सगळी बटणं पुन्हा घडवायची आणि प्रत्येकाला त्याचं काम पुन्हा नेमून द्यायचं. काल नेमलं होतं ना, हे चालत नाही.

तसं केलं, तरी बटण ढिम्म. गुरुवारची सकाळ मी तोंडात पेन धरून काढली. मग लक्षात आलं, की मी दर वेळी घडवताना बटणांना नवे आकडे टाकून नवी नावं देत होतो. निरोप जुन्या नावाने येणार आणि दारात उभा नव्या नावाचा माणूस! मग प्रत्येक ओळीला एकदाच नाव ठेवलं, जन्मभर तेच, आणि ती ओळ गेली तरी ते दुसरीला द्यायचं नाही. दुपारी चार वाजता सातवारांनी दाबलं. तिसरी व्हीलचेअर गेली. फक्त तिसरी. त्या म्हणाल्या, ‘चालतंय,’ आणि सहा वेळा आणखी दाबलं.

तेव्हा उद्या मी जिंकणार. कुणाच्याही मदतीशिवाय, कुणापुढेही हात न पसरता, स्वतःच्या हिमतीवर. भावोजींनी विचारलंच तर हे वाक्य त्यांना वाचून दाखवायला हरकत नाही. गुडघ्याला जप. मोठ्यांना नमस्कार, लहानांच्या पाठीवर माझ्या वतीने एकेक थाप.

तुझा,
धाकटा

ता. क. – माझा तपकिरी स्वेटर तुमच्याकडे राहिलाय. ऑफिसमध्ये एसी माझ्या डोक्यावरच आहे. पाठवून दे.

ता. क. (शनिवार, दुपार) – पत्र टाकायचं राहिलं होतं, ते बरंच झालं. बाई काठी टेकत आल्या. चार व्हीलचेअर आणि एक काठी घेतली, मधली एक वगळली, मग शेवटची, मग पहिली. प्रत्येक वेळी नेमकी तेवढीच गेली. शेवटी एकटी काठी उरली तेव्हा त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘आता ऐकतंय.’ साहेबांनी मला कायम केलं. लगेच पुढे असंही म्हणाले, की ही वेब फॉर्मची पद्धत जुनी झाली, पुढच्या वर्षी सगळं नव्या पद्धतीने लिहायचंय, तेव्हा शिकायला लागा. शिकेन.

ता. क. (हे शेवटचं, आणि वरचं ते ‘कुणाच्याही मदतीशिवाय’ वाक्य वाचून दाखवू नकोस) – बुधवारी दुपारी जिन्यात बसून मी भावोजींना फोन केला होता. म्हटलं, मला जमत नाही, सोमवारपासून परत येतो. ते म्हणाले, ‘बिघाड काय आहे ते सांग.’ मी सगळं सांगितलं. गिऱ्हाईक उभं होतं, ते थांबवून ऐकलं त्यांनी. मग विचारलं, ‘रोज सकाळी शटर उघडायच्या आधी मी काय करतो?’ मी म्हटलं, सगळी हत्यारं टेबलावर मांडता. ‘आदल्या दिवशी मांडली होती ना?’ हो, पण संध्याकाळी तुम्ही पेटीत भरता. ‘मग?’ म्हणाले, आणि वर, ‘दुकानात तुला जागा नाही. ते बटण चालव,’ आणि फोन ठेवला. नावांची भानगड मात्र माझी मीच सोडवली, एवढं माझं राहू दे. त्यांनी तुला यातलं काही सांगितलं नसणार. ताई, बटण चाललं, मी कायम झालो, हे त्यांना तू सांग. मी आज दोनदा नंबर लावला आणि दोन्हीदा त्यांनी ‘हॅलो’ म्हटल्यावर मीच फोन ठेवून दिला.