छपरावरचं कव्हर

उलवे,
१४ मे

चि. अभिराम,

आशीर्वाद लिहायला घेतले होते, पण हात पुढे जाईना. शेवटी बघू. आम्ही सगळे बरे आहोत, लोणचं घालून झालंय. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, म्हणून कागदावर लिहितेय. कागद मध्येच कट करता येत नाही.

तुझी कॅरॅव्हॅन आमच्या सोसायटीच्या आवारात तशीच उन्हात उभी आहे. "एसी नीट झाला की आपण हिमालयात स्पितीला निघू, बाबा," असं सांगून तू बंगळुरूला गेलास. बाबांनी ते खरं धरलं. रोज जेवण झालं की खाली उतरतात, एसी लावतात आणि आत बसून गारवा पडायची वाट बघतात. छपरावरचा एसी घरघरतो, धापा टाकतो आणि बंद पडतो. आत नुसती भट्टी.

तू फोनवरून हुकूम सोडत होतास. "फिल्टर धुवा." धुतला. "एक्स्टेन्शनची वायर बारीक असेल." जाड आणली. "एसी उन्हात तापतोय, त्याला सावली करा." बाबा म्हणाले, "करतो." मेकॅनिक खालूनच बघून गेला. म्हणाला, गॅस ठीक आहे, उन्हाळाच जास्त आहे.

मंगळवारी बाबांना गाडीतच चक्कर आली. हे तुला कळवलं नव्हतं. वैष्णवीचा फोन आला तेव्हा सांगणार होते, तर तीच म्हणाली, "ताई, एसीचं तेवढं लवकर बघा ना. गिऱ्हाईक थांबलंय."

"कसलं गिऱ्हाईक?"

मग तिने सगळं सांगून टाकलं. तुझी बायको तुझ्यापेक्षा बरी, तिला खोटं पुढे रेटता आलं नाही.

म्हणजे पंचाहत्तरीचा माणूस मे महिन्यात त्या डब्यात घाम गाळतोय, तो तुझी गाडी विकली जावी म्हणून! विक ना. गाडी तुझी आहे. रजा नाही, मूल लहान आहे, सगळं समजतं मला. पण "बाबा, जमणार नाही" एवढं म्हणायला तुझं तोंड उघडत नाही? एका बिघडलेल्या मशीनच्या आड लपून बसलास?

त्याच संतापात काल दुपारी मी गाडीच्या मागच्या शिडीने छपरावर चढले. साडी खोचून, वॉचमन बघत असताना.

एसीवर कव्हर होतं. आईच्या निळ्या पडद्याचं, चारी बाजूंनी नाड्या बांधलेलं. आठवतं, आई मिक्सरला, फ्रिजला, रिमोटलासुद्धा कव्हर शिवायची? बाबांनी तिच्या मशीनवर बसून तुझी सावली शिवली होती. गरम हवा बाहेर पडायची जाळीच त्यात झाकून गेलेली. एसी बिचारा आपलाच उकाडा गिळत होता.

नाड्या सोडल्या. खाली आले, एसी लावला आणि थोड्या वेळाने आत हात घालून बघितला. गार. खरं सांगते, वाटलं की परत वर जावं आणि नाड्या बांधून टाकाव्यात. पण तेवढ्यात बाबा आले. आत शिरले आणि तसेच उभे राहिले.

"नंदू! अगं, गार पडतंय!"

"हो बाबा. कव्हर काढलं."

"का? धुवायला? वाळलं की परत घाल हो. ऊन लागतं त्याला."

मी कव्हराची घडी घातली. मला म्हणाले, "अभीला कळव. आणि माझे स्वेटर कुठे ठेवलेस?"

तर कळवतेय. एसी चालतो. आता तुझ्याकडे कारण उरलेलं नाही.

आज सकाळपासून बाल्कनीत स्वेटर वाळतायत आणि शेजारी विचारतायत, काय हो, या उन्हात? बाबा सगळ्यांना सांगतात, मुलगा येतोय.

तू ये. गिऱ्हाईक आधी पाठवलंस तर चावी मिळणार नाही. ये, त्या गार गाडीत त्यांच्या शेजारी बस आणि तुझ्या तोंडाने सांग. मी चहा देईन, मध्ये बोलणार नाही.

आशीर्वाद माझ्याकडेच ठेवलेत. न्यायला ये.

ताई